घरीं बांधलेलें विमान आणि मोटारीचें इंजिन

विमान बांधणें हें केवळ मोठ्या कारखान्यांचें काम आहे, अशी आपल्याकडे सामान्यतः समजूत असते. ती सर्वस्वीं खरी नाहीं. इंजिनाच्या बळावर माणसाला घेऊन उडालेलें राइट बंधूंचें विमान सायकलींच्या दुकानांत बांधलें गेलें, आणि त्याचें सुमारें १२ अश्वशक्तीचें इंजिन त्याच दुकानांतील चार्ल्स टेलर या कारागिरानें घडविलें. पुढें १९२९ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांतांत बर्नार्ड पीटनपोल या खेड्यांतील गृहस्थानें फोर्ड मोटारीचें इंजिन लांकडी सांगाड्याच्या विमानास बसवून तें उडविलें. त्या नमुन्याचीं विमानें हौशी लोक अद्यापि बांधतात. तेव्हां घरीं बांधलेलें विमान आणि त्याला बसविलेलें मोटारीचें इंजिन, हा प्रकार वेडेपणाचा म्हणून हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. मात्र यंत्र बांधून पुरें होणें आणि तें उडण्यास सिद्ध होणें या दोन गोष्टींमध्यें जें अंतर आहे, तें फार थोड्यांच्या ध्यानांत येतें.

हें अंतर किती घातक ठरूं शकतें याचें उदाहरण यवतमाळ जिल्ह्यांतच घडलें आहे. महागांव तालुक्यांतील फुलसावंगी या गांवीं शेख इस्माईल शेख इब्राहीम नांवाचा तरुण वेल्डिंगचें काम करीत असे. त्याचें शालेय शिक्षण आठवीपर्यंतच झालें होतें, परंतु हातांत कसब होतें. कपाटें, कूलर असल्या वस्तु तयार करतां करतां त्यानें एका माणसाला बसतां येईल असें हेलिकॉप्टर बांधावयास घेतलें व त्याला मारुती ८०० मोटारीचें इंजिन जोडलें. या कामीं त्याचीं सुमारें दोन वर्षें गेलीं. स्वातंत्र्यदिनीं तें लोकांपुढें मांडावयाचें, असा त्याचा मनोदय होता. त्याआधीं कांहीं दिवस, २०२१ सालच्या ऑगस्ट महिन्यांत, रात्रीच्या वेळीं तो आंत बसून जमिनीवरच इंजिनाची चांचणी घेत असतां शेपटीकडील पंख्याचें पातें तुटलें. तें मुख्य पंख्यावर आदळलें आणि त्या आघातानें मुख्य पंख्याचा प्रहार त्याच्यावर झाला. त्यांतच त्याचा अंत झाला. यंत्रानें अजून जमीन सोडलेली नव्हती.

या हकीकतीवर त्या वेळीं हळहळ पुष्कळ व्यक्त झाली. परंतु हळहळीनें पुढच्या कारागिराचें रक्षण होत नाहीं. असें साहस करूं इच्छिणारे तरुण खेड्यापाड्यांतून आहेत व यापुढेंही असतील. म्हणून मोटारीचें इंजिन विमानांत घातलें असतां काय बदलतें, आणि पहिल्या उड्डाणापूर्वीं कोणत्या पायऱ्या क्रमानें चढाव्या लागतात, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

पहिली गोष्ट इंजिनावरील भाराची. मोटार सपाट रस्त्यानें चालली असतां इंजिनाच्या एकंदर शक्तीचा लहानसा अंशच खर्ची पडतो. पूर्ण जोर चढणीवर किंवा दुसऱ्या गाडीस मागें टाकतांना, तोही क्षणभर लागतो. विमानाचें तसें नाहीं. जमीन सोडतांना व उंची गांठतांना इंजिनास पूर्ण शक्तीनें चालावें लागतें, आणि पुढेंही शंभरांतील पासष्ट ते पंचाहत्तर हिस्से शक्ति सतत द्यावी लागते. शेतकऱ्याला हा भेद समजावयास कठीण नाहीं. विहिरीवरचें डिझेल इंजिन रात्रभर एकाच भारानें पाणी ओढतें. त्याचे भाग जाड व वेग बेताचा असतो, तो उगीच नव्हे. चालत्या मोटारींत पंधरा वर्षें निर्धोक चाललेलें इंजिन अशा अखंड भाराखालीं कसें वागेल, हें तसाच भार त्यावर घालून पाहिल्यावांचून कळत नाहीं.

दुसरी गोष्ट फेऱ्यांची. मोटारीचें लहान इंजिन आपली पूर्ण शक्ति मिनिटास पांच-साडेपांच हजार फेरे घेतल्यावर देतें. विमानाच्या पंख्यास मात्र सुमारें अडीच हजार फेरे मानवतात. पावणेदोन मीटर व्यासाचा पंखा साडेपांच हजार फेऱ्यांनीं फिरविला, तर त्याच्या पात्याचें टोंक ध्वनीपेक्षां अधिक वेगानें जाऊं लागेल. मग आवाज बेसुमार होतो आणि ओढ घटते. म्हणून इंजिन व पंखा यांच्या दरम्यान गिअर किंवा पट्टा घालून फेरे निम्म्यावर आणावे लागतात. हेलिकॉप्टरच्या मुख्य पंख्याचे फेरे तर याहून पुष्कळ कमी असतात. रॉबिन्सन कंपनीच्या आर-२२ या सुप्रसिद्ध लहान हेलिकॉप्टरांत मुख्य पंखा मिनिटाला सुमारें पांचशें फेरे घेतो आणि शेपटीचा पंखा सुमारें चौतीसशें.

हा जो मधला दुवा, तोच बहुधा घरगुती विमानाचें मर्मस्थान ठरतो. इंजिनांतील दट्टे एकसारखा जोर देत नाहींत. ते धक्क्याधक्क्यानें दांडा फिरवितात. झोपाळ्याला त्याच्या लयींत थोडा थोडा झोंका दिला कीं तो उंच उंच जातो, त्याप्रमाणें या धक्क्यांची लय दांड्याच्या स्वाभाविक पिळाशीं जुळली तर कंप वाढत जाऊन पोलादी दांडाही मोडतो. राइट बंधूंनाही हा अनुभव आला. १९०३ च्या नोव्हेंबरअखेर उड्डाणाची सर्व तयारी झाली असतां पंख्याच्या पोकळ दांड्यास तडा गेलेला त्यांना दिसला. थंडी वाढत होती, पैसा व वेळ दोन्ही खर्च होत होतीं. तरीही धाकटा भाऊ ऑरव्हिल आगगाडीनें शेंकडों मैलांवरील आपल्या गांवीं परत गेला, भरीव पोलादाचे नवे दांडे करवून घेतले आणि ११ डिसेंबरला परतला. १७ डिसेंबरला विमान उडालें. तड्याकडे डोळेझांक करून ते आणखी एक प्रयत्न करते, तर इतिहास कदाचित् निराळा झाला असता.

शिवाय मोटारीच्या क्रँकशाफ्टला पुढें-मागें ओढणारा जोर सहन करण्याची संवय नसते. क्लच दाबला असतां येईल तेवढाच जोर त्यानें पेलावा अशी योजना असते. विमानाचा पंखा मात्र सबंध विमान आपल्यामागें ओढतो. हा भार इंजिनाच्या पोटांतील बेअरिंगवर न पडतां बाहेरच्या स्वतंत्र, दणकट बेअरिंगवर पडेल, अशी व्यवस्था करावी लागते.

तिसरी गोष्ट ठिणगीची व इंधनाची. विमानाच्या नेहमींच्या इंजिनांत प्रत्येक नळकांड्यास दोन स्पार्क प्लग असतात आणि त्यांना ठिणगी पुरविणारे मॅग्नेटोही दोन असतात. एक बंद पडला तरी दुसऱ्यावर उतरण्यापुरतें काम भागतें. मोटारीच्या इंजिनास बहुधा एकच प्लग व एकच बॅटरी. रस्त्यांत बॅटरीची तार निसटली तर गाडी कडेला लावतां येते. आकाशाला कड नाहीं. यास्तव निदान दुसरी बॅटरी व ठिणगीचा दुसरा मार्ग ठेवणें प्राप्त आहे. इंधनाविषयीं आज एक नवी दक्षता घ्यावी लागते. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलांत आतां वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें. इथेनॉल हवेंतील पाणी शोषून घेतें, आणि त्याला टिकेल असा माल न वापरल्यास रबरी नळ्या व वायसर त्यानें फुगतात किंवा ठिसूळ होतात. कार्बुरेटर असल्यास दमट हवेंत, बाहेर हिमाचा मागमूस नसतांनाही, त्याच्या गळ्याशीं बर्फ धरून इंजिन गुदमरतें. म्हणून त्याला गरम हवा पुरविण्याची सोय करावी लागते.

आतां शक्तीचा हिशेब. फुलसावंगीसारखा हेलिकॉप्टरचा विचार ज्याच्या मनांत असेल, त्यानें लोखंडाला हात घालण्यापूर्वीं हा हिशेब कागदावर करावा. समजा, यंत्र, पेट्रोल व मनुष्य मिळून वजन ४०० किलो आहे आणि मुख्य पंख्याचा व्यास ७ मीटर आहे. एवढें वजन हवेंत जागच्या जागीं तोलून धरण्यास, एकही कण शक्ति वायां जात नाहीं असें मानलें तरी, सुमारें ३४ अश्वशक्ति लागते. प्रत्यक्षांत पात्यांचें घर्षण व इतर नुकसान धरून हा आंकडा ५५ च्या घरांत जातो, आणि शेपटीचा पंखा व पट्टे यांचा वांटा त्याहून वेगळा. मारुती ८०० चें इंजिन ७९६ घनसेंटीमीटरचें, तीन नळकांड्यांचें. त्याची शक्ति बहुतेक नमुन्यांत ४० अश्वशक्तीच्या आंतबाहेर. उलटपक्षीं, वर सांगितलेल्या आर-२२ च्या अलीकडील नमुन्यांतील इंजिन ५.९ लिटरचें, म्हणजे याच्या सातपटींहून मोठें आहे. तें १८० अश्वशक्ति देऊं शकतें. परंतु त्याच्याकडून सतत १२४ च घेतली जाते. उरलेली शक्ति हा कारखानदाराचा कंजूषपणा नसून वैमानिकाच्या जिवाची ठेव आहे.

या हिशेबांत विदर्भाचा उन्हाळाही धरावा लागतो. यवतमाळ समुद्रसपाटीपासून सुमारें साडेचारशें मीटर उंच आहे. वैशाखांत पारा ४३ अंशांवर गेला म्हणजे तेथील हवा, समुद्रकांठच्या १५ अंशांच्या प्रमाण हवेच्या मानानें, जवळजवळ सातव्या हिश्श्यानें विरळ होते. विरळ हवेंत इंजिनाला श्वास कमी मिळतो, म्हणून शक्ति घटते. आणि पंख्याला पकड कमी मिळते, म्हणून शक्ति अधिक लागते. दोन्हीकडून तोटाच. त्यांत मोटारीचा रेडिएटर धांवत्या वाऱ्याच्या भरंवशावर असतो. यंत्र एका जागीं उभें करून पूर्ण जोरानें चालविलें तर पाणी लवकरच उकळतें.

सर्वांत अधिक आदर धरावयाचा तो फिरत्या पात्याचा. जोंधळ्याच्या शेतांत माळ्यावर उभें राहून ज्यानें गोफण फिरविली आहे, त्याला दगडाची ओढ हाताला कशी जाणवते तें ठाऊक असतें. पात्याची ओढ ती हीच, केवळ मोजमाप निराळें. एक किलो वजनाचा तुकडा मध्यापासून ४० सेंटीमीटरवर मिनिटाला २४०० फेरे घेऊं लागला, तर तो मुळाशीं अडीच टनांहून अधिक वजनाच्या ओढीनें खेंचत असतो. फेरे दुप्पट केले तर ओढ चौपट होते. म्हणजे पात्याच्या बुडाशीं असलेला एकेक बोल्ट व सांधा मोठें ओझें टांगल्यासारखा ताणलेला असतो. शिवाय प्रत्येक फेऱ्यागणिक तो थोडा वांकतो व सरळ होतो. लोखंडी तार पुनःपुन्हां वांकविली असतां एकाएकीं तुटते, तसाच धातूचा थकवा येथेंही सांचत जातो. वेल्डिंगच्या सांध्याशेजारचा भाग उष्णतेनें बदललेला असल्यामुळें तेथें तडा प्रथम पडण्याचा संभव असतो. कपाटाचा सांधा आणि पात्याचा सांधा हे एकाच हातानें, एकाच कांडीनें जोडलेले असले तरी त्यांचीं कामें अगदीं भिन्न आहेत.

हेलिकॉप्टरला शेपटीचा पंखा कां लागतो, हेंही येथें सांगितलें पाहिजे. इंजिन मुख्य पंख्यास एका बाजूस फिरवितें, तेव्हां त्याच जोरानें खालचा सांगाडा उलट बाजूस फिरूं पाहतो. शेपटीकडील लहान पंखा आडवा रेटा देऊन ही गिरकी थोंबवितो. तो आकारानें लहान असल्यामुळें दुय्यम वाटतो. परंतु त्याचे फेरे मुख्य पंख्याच्या अनेक पट असतात व तो मुख्य पंख्याच्या निकट असतो. त्याचा एक तुकडा निखळला तर काय होतें तें वर आलेंच आहे. विमानाच्या इतिहासांतही याचें भावंड सांपडतें. १७ सप्टेंबर १९०८ रोजीं अमेरिकेंतील फोर्ट मायर येथें ऑरव्हिल राइट सैन्यास विमान दाखवीत असतां पंख्याचें पातें भंगलें, सुकाणूच्या ताणतारेस तें लागलें आणि विमान कोसळलें. सोबत बसलेला लेफ्टनंट थॉमस सेल्फरिज मरण पावला. शक्तिचलित विमानाच्या अपघातांत मृत्यु पावलेला तो पहिला मनुष्य होय. ऑरव्हिलही जबर जखमी झाला. अनुभवी निर्मात्याच्या यंत्रांतही पातें भंगूं शकतें, हा त्याचा बोध.

आतां सिद्धतेचा क्रम. प्रथम यंत्र थंड असतांना तपासणी. प्रत्येक नट पिळून झाल्यावर त्यावर रंगाची रेघ ओढावी, म्हणजे तो तसूभर सैल झाला तरी रेघ तुटलेली दिसते. महत्त्वाच्या नटांना तारेनें किंवा खिळीनें जखडावें. ही तपासणी ज्यानें यंत्र बांधलें त्यानेंच करून भागत नाहीं. आपलें लिहिलेलें आपण वाचतांना जशा चुका नजरेआड होतात तसेंच येथें होतें. दुसऱ्या जाणत्या माणसानें हातांत यादी घेऊन एकेक बाब पाहावी.

नंतर वजन. तिन्ही चाकांखालीं कांटे ठेवून प्रत्येकावरील भार घ्यावा व त्यावरून गुरुत्वमध्य काढावा. बैलगाडींत मागें भार अधिक झाला कीं ती उलाळ होते आणि जूं वर उचललें जातें. विमान मागें जड असलें तर तें असेंच नाक वर करतें आणि वैमानिकाच्या हातीं राहत नाहीं. मोटारीचें इंजिन, रेडिएटर व त्यांतील पाणी यांचें वजन नेहमींच्या इंजिनाहून बरेच वेळां अधिक भरतें. म्हणून हा हिशेब केवळ नकाशावरून करणें धोक्याचें असतें. त्यानंतर इंधनाचा प्रवाह पाहावा. चढतांना नाक जितकें वर राहील तितकें वर करून नळींतून मिनिटाला किती पेट्रोल येतें तें भांड्यांत मोजावें. केवळ उतारानें पेट्रोल येत असेल तर तें पूर्ण शक्तीस लागणाऱ्या पेट्रोलच्या दीडपट तरी यावें, असा दंडक आहे.

यानंतर इंजिन सुरू करावयाचें, तें विमान मजबूत खांबाला बांधूनच. प्रथम मंद, मग मध्यम, मग पूर्ण जोरानें. प्रत्येक वेळीं थांबवून पुन्हां सर्व सांधे, पट्टे व नळ्या पाहावयाच्या आणि आढळलेलें वहींत टिपावयाचें. असें तासन् तास चालवावें. या वेळीं पंखा ज्या पातळींत फिरतो त्या पातळींत, जवळ वा दूर, कोणीही उभें राहूं नये. कारण तुटलेला तुकडा त्याच दिशेनें सुटतो. मुलांचा व बघ्यांचा घोळका तर मुळींच नको. चांचणी दिवसाउजेडीं असावी, डोक्यास शिरस्त्राण असावें, आग विझविण्याचें साधन व वाहन हाताशीं असावें.

हेलिकॉप्टरच्या बाबतींत एक पायरी याहून अधिक आहे, आणि ती वगळण्याचा अधिकार कोणासही नाहीं. पातीं प्रथम मनुष्यावांचून फिरवावींत. शेपटीचा पंखा निराळ्या चौकटीवर बसवून, भोंवतीं मातीच्या पोत्यांची भिंत रचून, लांबून तारेनें नियंत्रण करून नेहमींच्या वेगाहून कांहींशा अधिक वेगानें तो बराच काळ चालवावा. वेग सव्वाच्या आंत, म्हणजे १.२ पट ठेवला तरी ओढ १.४४ पट होते. त्यांत जो सांधा टिकला त्यावर थोडाबहुत विश्वास टाकतां येतो. मग मुख्य पंख्याचें तसेंच करावें. पुढें संबंध यंत्र साखळ्यांनीं जमिनीशीं जखडून, तेंही रिकामें चालवावें. या सगळ्यांतून निभावल्यानंतरच मनुष्यानें आंत बसण्याचा विचार करावयाचा. या पायरीस खर्च फार नाहीं. पोतीं, माती, तार व खांब या वस्तु प्रत्येक खेड्यांत आहेत. लागतो तो मुख्यतः धीर.

साध्या विमानानें पुढें जमिनीवर प्रथम सावकाश व नंतर वेगानें धांवून ब्रेक व सुकाणू पारखावें. पहिलें उड्डाण सकाळच्या शांत हवेंत, मोकळ्या मैदानावर, कसलेल्या वैमानिकानें एकट्यानें करावें आणि उंची गांठून मैदानाभोंवतींच घिरट्या घालाव्यात, म्हणजे इंजिन बंद पडलें तरी तरंगत खालीं येतां येतें. अमेरिकेंत मोटारीचें इंजिन बसविलेल्या घरगुती विमानास साधारणतः पहिले चाळीस तास अशा राखीव क्षेत्रांतच उडावें लागतें; विमानासाठींच मान्य झालेलें इंजिन व पंखा असेल तर पंचवीस. या पंधरा तासांच्या फरकांत वर सांगितलेलें सर्व कारण सांठविलेलें आहे.

कायद्याचें अंगही आहे. आपल्या देशांत १९३४ चा विमानविषयक कायदा जाऊन त्याच्या जागीं भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून अंमलांत आला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणी केल्यावांचून व उड्डाणाचा परवाना घेतल्यावांचून कोणतेंही घरगुती विमान उडवितां येत नाहीं. ही वाट लांबची आहे, पण बंद नाहीं. मूळचे सातारा जिल्ह्यांतील कॅप्टन अमोल यादव यांनीं मुंबईंत कांदिवली येथें आपल्या घराच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. तें २०१६ च्या फेब्रुवारींत प्रदर्शनांत मांडलें गेलें, २०१७ च्या नोव्हेंबरांत त्याची नोंदणी झाली, २०१९ च्या ऑक्टोबरांत परवाना मिळाला आणि २०२० च्या ऑगस्टांत धुळ्याच्या धांवपट्टीवर त्याच्या उड्डाणाच्या चांचण्या झाल्या. यादव हे स्वतः व्यवसायानें वैमानिक. तरीही एवढीं वर्षें लागलीं. खेड्यांतील कारागिराजवळ ना ही विद्या, ना कागदपत्रांची संवय, ना कचेरीपर्यंत नेणारा कोणी. त्यामुळें तो एकट्यानें, रात्रीं, आपल्याच अंगणांत प्रयोग करतो.

हा एकटेपणा दूर करणें मात्र समाजाच्या हातचें आहे. जिल्ह्यांत औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, अभियांत्रिकीचें महाविद्यालय आहे, यवतमाळनजीक भारी येथें धांवपट्टीही आहे. एखाद्या गांवांत कोणी तरुण विमान बांधीत आहे असें कानावर आलें, तर त्याची टवाळी किंवा नुसतें कौतुक करण्यापेक्षां गांवच्या शिक्षकानें त्याला अशा संस्थेंतील जाणत्या माणसाची गांठ घालून द्यावी, हिशेबाचा कागद त्याच्यापुढें ठेवावा आणि पातें प्रथमच फिरेल त्या दिवशीं आसन रिकामें आहे ना, एवढें जातीनें जाऊन पाहावें.